धोतरवाले हाल्डेन साहेब आणि चंद्राची स्वच्छता

जे. बी. एस. हाल्डेन हे नाव आपल्या सिलॅबसमध्ये कुठेच नाही. ते इंजिनिअर नव्हते, सायन्सची डिग्रीही त्यांच्याकडे नव्हती. तरी मंगळावर उतरणारं यान आज जंतू मोजून पाठवतात, त्याची सुरुवात त्यांच्या जेवणाच्या टेबलापर्यंत जाते.

जन्म १८९२, ऑक्सफर्ड. वडील खाणीतल्या वायूंवर संशोधन करायचे आणि प्रयोगाला मुलालाच न्यायचे! एकदा खाणीत त्यांनी पोराला उभं राहून शेक्सपिअरचं भाषण म्हणायला लावलं. थोड्याच वेळात पोरगं खाली कोसळलं. मिथेन हवेपेक्षा हलका, म्हणून वर साचतो आणि जमिनीलगत श्वास घेता येतो, हे कायमचं पाठ झालं. (आपली व्हायव्हा बरी.)

१९२९ मध्ये त्यांनी मांडलं की पृथ्वीच्या आदिम समुद्रात अतिनील किरणांमुळे सेंद्रिय पदार्थ तयार झाले आणि त्यातून जीव निर्माण झाला. मग दुसरीकडेही तसं झालं असेल का?

१९५७ साली ते इंग्लंड सोडून कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये आले. धोतर-कुर्ता, शाकाहार, पुढे १९६१ ला भारताचं नागरिकत्वसुद्धा. ४ ऑक्टोबर १९५७ ला स्पुटनिक उडाला. नोव्हेंबरात अमेरिकन शास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग त्यांच्याकडे जेवायला होते. चंद्रग्रहण जवळ, रशियन क्रांतीला ४० वर्षं. रशिया चंद्रावर अणुबॉम्ब तर फोडणार नाही ना, असा विषय निघाला. प्रसिद्धीच्या नादात चंद्र खराब झाला, तर तिथे सापडलेला जंतू तिथला की आपला, हे कसं कळणार?

देवगाव फाट्याला रस्त्याकडेला माजणारं गाजरगवत बघा. १९५६ च्या सुमारास ते पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं, परदेशी गव्हातून आलं म्हणतात. आता परत पाठवून दाखवा!

लेडरबर्गनी अमेरिकेत जाऊन हा विषय लावून धरला. १९६७ च्या अवकाश करारात दुसरे ग्रह दूषित न करण्याचं कलम आलं. पण सोपं नव्हतं. १९६२ च्या रेंजर यानांना तापवून निर्जंतुक केलं, ती बिघडली आणि संशय उष्णतेवर आला. मला वाटतं, तापून टिकणारे पार्ट बनवणं हे इंजिनिअरचंच काम. १९७५ ला निघालेले व्हायकिंग लँडर ११० अंशांच्या वर तापवले, तरी मंगळावर चालले. २००३ मध्ये गॅलिलिओ यान मुद्दाम गुरूत बुडवलं, कारण युरोपा चंद्रावर ते आदळायला नको होतं.

हाल्डेननी यातलं फारसं पाहिलं नाही. १ डिसेंबर १९६४ ला भुवनेश्वरमध्ये कॅन्सरने ते गेले. देह त्यांच्या इच्छेप्रमाणे काकीनाडाच्या रंगराया मेडिकल कॉलेजला विद्यार्थ्यांसाठी दिला.