पगार, पुस्तके आणि सकाळचे कॉलेज

१९१७ साली भीमराव आंबेडकरांना लंडन सोडावे लागले, ते बुद्धी कमी पडली म्हणून नव्हे. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली होती. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सने दिली होती. सवलत होती, पैसा नव्हता. बँकेत हयात घालवलेल्या माझ्यासारख्याला या घड्याळाची टिकटिक लगेच ऐकू येते.

बडोद्याच्या नोकरीत जातीमुळे राहायला जागासुद्धा मिळेना. ती थोड्याच दिवसांत सुटली. मुंबईत शिकवण्या केल्या. शेअर्सच्या व्यवहारात सल्ला देण्याचे दुकान थाटले, तर सल्लागाराची जात कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली. अखेर नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाले. पगार महिना ४५० रुपये. प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये, असे काही सहकाऱ्यांना वाटे. विद्यार्थी मात्र त्यांच्या तासाला गर्दी करीत.

साडेचारशे रुपये त्या काळी भारी रक्कम. दुसरा कोणी असता तर परळच्या चाळीतल्या दोन खोल्या सोडून ऐसपैस बिऱ्हाड केले असते. बाबासाहेबांनी चाळ सोडली नाही. रमाबाईंच्या हाती मोजके पैसे पडत, बाकीचे लंडनसाठी बाजूला. अठरा-अठरा तास वाचणाऱ्या बाबासाहेबांच्या कथा आपण मुलांना हौसेने सांगतो. त्या तासांची किंमत घरात कोणी मोजली, हे सांगायचे राहून जाते.

मार्च १९२० मध्ये त्यांनी राजीनामा दिला. स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून ५,००० रुपये कर्ज, एवढ्या भांडवलावर जुलैत बोट पकडली. लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत बैठक, रात्री भुकेला पापडाचा आधार. १९२१ मध्ये एम.एस्‌सी., १९२३ मध्ये डी.एस्‌सी. दुसऱ्या पदवीचा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर होता. रुपयावर लिहिणाऱ्याच्या खिशात रुपया नसावा, हा योग आम्हा बँकवाल्यांना चटका लावून जातो.

नोकरी आणि शिक्षण त्यांना एकाच वेळी साधता आले नाही. आधी कमवा, मग सोडा, मग शिका, असाच क्रम लागला, आणि तोही असामान्य जिद्द होती म्हणून. साध्या कारकुनाला राजीनामा देऊन शिकणे कसे परवडणार? जून १९४६ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ कॉलेज मुंबईत सुरू झाले, तेव्हा सकाळचे वर्ग ठेवण्यामागे हाच विचार होता. तास आटोपून पोराने कचेरी गाठावी. पगारही चालू, पदवीही चालू. चरित्रग्रंथांत या वेळापत्रकाला जेमतेम दोन ओळी मिळतात. मला ते मोठे काम वाटते.

मी बँकेत लागलो तेव्हाही फोर्टात सकाळच्या कॉलेजांतून थेट कामावर येणारे कारकून पुष्कळ होते. पिशवीत डब्याशेजारी वह्या. परीक्षा जवळ आली की ते जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनला जायचे सोडून रेकॉर्ड रूममध्ये, जुन्या लेजरांच्या ढिगाआड पुस्तक उघडून बसत. शिपाई त्यांचा चहा तिथेच नेऊन देई.