न्याय परमेश्वरावर सोपविणारी पंडिता

आज नाताळ. ख्रिस्ती बांधवांच्या दारोदारी चांदणीचे आकाशकंदील लागले आहेत आणि प्रार्थनामंदिरांतून घंटानाद होत आहे. ज्या घरांत प्रातःकाळी देवपूजा आणि सायंकाळी शुभंकरोति होते, अशा आमच्या भाविक वाचकांपुढे या मंगलदिनी आम्ही एका ख्रिस्तभक्त स्त्रीचे चरित्र ठेवीत आहोत. ही स्त्री परक्या देशातील नव्हे. ती वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मण घराण्यात जन्मली, भागवताच्या पाठावर वाढली आणि मराठी मातीतच चिरविश्रांती घेती झाली. पंडिता रमाबाईंचे नाव घेताना पुष्कळ हिंदू घरांतून आदर आणि खंत या दोन भावना एकाच वेळी उमटतात. त्यांच्या विद्वत्तेचा अभिमान वाटतो, त्यांच्या धर्मांतराचे शल्य बोचते. ते शल्य लपवून हे चरित्र सांगणे आम्हांस प्रामाणिक वाटत नाही. श्रद्धेसाठी माणसाने किती सोसावे, कोठे उत्तर द्यावे आणि कोठे मौन धरून निवाडा ईश्वरावर सोडावा, हा प्रश्न सर्वच धर्मांतील भक्तांना पडत आला आहे. रमाबाईंनी तो प्रश्न जन्मभर जगून दाखविला.

अरण्यातील पाठशाळा

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान आणि परम वैष्णव. तरुणपणी पुण्यात रामचंद्रशास्त्री साठे यांच्याजवळ अध्ययन करीत असताना, आपले गुरू पेशव्यांच्या वाड्यात राणीसाहेबांना संस्कृत शिकवितात हे त्यांनी पाहिले. स्त्रीच्या मुखी देववाणी शोभते, हा विचार तेव्हाच त्यांच्या मनात रुजला. पुढे त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकविण्यास प्रारंभ केला आणि समाजात वादळ उठले. उडुपीच्या धर्मपीठापुढे त्यांना आपल्या आचरणाचे समर्थन करावे लागले. शास्त्रीबुवांनी शास्त्रवचनांच्या आधारेच आपली बाजू मांडली. त्यानंतर सह्याद्रीच्या घनदाट रानातील गंगामूळ येथे त्यांनी आश्रम थाटला. हे स्थान आज कर्नाटक राज्यात आहे. याच आश्रमात २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

आदरातिथ्य आणि दानधर्म यांत शास्त्रीबुवांची मालमत्ता संपली, आणि रमाबाई अगदी लहान असतानाच या कुटुंबाने तीर्थयात्रेची वाट धरली. देवालयाच्या ओवरीत किंवा नदीच्या घाटावर पुराण सांगावे, श्रोते देतील त्या शिध्यावर निर्वाह करावा आणि पुढच्या क्षेत्राकडे चालू लागावे, असा क्रम कित्येक वर्षे चालला. वडील वृद्ध झाले होते, म्हणून कन्येचे अध्ययन मातेने हाती घेतले. पहाटे पाखरे जागी होण्यापूर्वी लक्ष्मीबाई निजलेल्या मुलीला उठवून मांडीवर घेत आणि तिच्याकडून श्लोक म्हणवून घेत. अशा रीतीने भागवतासह हजारो श्लोक रमाबाईंना बालपणीच मुखोद्गत झाले.

पुढे दक्षिणेत भीषण दुष्काळ पडला. अन्नान्नदशेत वडील, आई आणि थोरली बहीण अशी तिघे पाठोपाठ गेली. मृत्यूपूर्वी शास्त्रीबुवांनी या धाकट्या कन्येला जवळ घेतले. आपण तिला देवाच्या हाती सोपविले असून तिने त्याचीच होऊन राहावे आणि आजन्म त्याचीच सेवा करावी, असे त्यांनी तिला सांगितले. आईचे निधन झाले तेव्हा खांदा देण्यास पुरेशी माणसेही मिळेनात. अखेर दोन ब्राह्मण पुढे आले. तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी स्वतः रमाबाई. उंची कमी असल्यामुळे त्यांनी तिरडीचा आपला भाग डोक्यावर घेतला. पुढील सर्व चरित्र वाचताना पित्याचा तो अखेरचा उपदेश आणि मातेची ती तिरडी आमच्या डोळ्यांपुढून हालत नाही. ज्या मुलीला बापाने देवाच्या स्वाधीन केले, ती त्या देवाला शोधीत राहिली.

गौरव आणि वैधव्य

बहीणभाऊ पायी भारतभर हिंडले आणि १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी या तरुणीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या देऊन गौरविले. परंतु १८८० मध्ये श्रीनिवासही निवर्तला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातिबंधन झुगारून नोंदणी पद्धतीने विवाह केला. त्यांना मनोरमा ही कन्या झाली. विवाहास दोन वर्षेही पुरी झाली नव्हती, तोच फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीचा बळी घेतला. चोविसाव्या वर्षाच्या आतच ही विदुषी विधवा झाली, आणि कडेवर तान्ही मुलगी होती.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानडे प्रभृतींच्या साह्याने त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि हंटर आयोगापुढे स्त्रियांच्या शिक्षणाविषयी साक्ष दिली. पुढे वैद्यकीय शिक्षणाच्या इच्छेने त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. श्रवणशक्ती मंद झाल्यामुळे तो मनोरथ सिद्धीस गेला नाही.

देवाला शरण, माणसाला नव्हे

पतीच्या घरी असताना लूककृत शुभवर्तमानाची एक प्रत त्यांच्या हाती आली होती. इंग्लंडमध्ये वाँटेज येथील भगिनीमंडळात त्या राहिल्या. समाजाने पतित म्हणून दूर लोटलेल्या स्त्रियांना तेथील भगिनी मायेने जवळ करतात, हे त्यांनी पाहिले. विहिरीपाशी एका शोमरोनी स्त्रीशी ख्रिस्ताने केलेल्या संभाषणाची कथा त्यांनी ऐकली. ज्या स्त्रीला आपल्या गावातही मान नव्हता, तिला त्याने परमार्थाचे गूढ उकलून दाखविले, ही गोष्ट त्यांच्या अंतःकरणाला भिडली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

इकडे महाराष्ट्रात संताप उसळला. विदेशी लोकांच्या उपकाराखाली ही विदुषी वाकली, असे अनेकांस वाटले. परंतु ती वाकणारी नव्हती, याचे प्रमाण वाँटेजच्या मठातच मिळाले. भगिनी जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. त्यांची अपेक्षा अशी, की नवदीक्षित स्त्रीने चर्चची सर्व मते निमूटपणे स्वीकारावीत. अनंतशास्त्र्यांच्या कन्येला ते मान्य होईना. त्रैक्याचे तत्त्व बुद्धीला पटल्यावाचून आपण ते उच्चारणार नाही आणि मुलीकडूनही उच्चारवून घेणार नाही, असे त्यांनी स्पष्ट कळविले. गळ्यातील क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, आपल्या देशबांधवांना ती भाषा परकी असल्यामुळे तेथे संस्कृत शब्द असावेत, असा आग्रह त्यांनी धरला. मांसाहार तर राहोच, अंडे घातलेले पक्वान्नही त्या खात नसत. हा जुन्या जातीचा अभिमान आहे, असा ठपका आला. तोही त्यांनी सोसला, आणि आपला आहार बदलला नाही. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवीत असता, पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवू नये असा आक्षेप हिंदुस्थानातील बिशपांनी घेतला. त्यालाही रमाबाईंनी ताठ मानेने उत्तर दिले. आपण ईश्वराच्या वचनाला शरण गेलो आहोत. बिशपांच्या किंवा भगिनींच्या इच्छेला आपण आपली सदसद्विवेकबुद्धी वाहिलेली नाही, ही त्यांची भूमिका होती. उपकारकर्त्यांविषयीची कृतज्ञता मात्र त्यांनी कधीही सोडली नाही.

आमच्या वाचकांनी या प्रसंगाकडे विशेष लक्ष द्यावे, असे आम्हांस वाटते. ज्यांच्या अन्नावर आपण राहतो त्यांच्यापुढे, परक्या भूमीत, एकट्या विधवेने आपल्या श्रद्धेचे असे रक्षण करणे ही सामान्य गोष्ट नव्हे. उडुपीला पित्याने जे केले, तेच वाँटेजला कन्येने केले.

शारदासदनाचे वादळ

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. तेथे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिला. तेथील सज्जनांनी त्यांच्या कार्यासाठी दहा वर्षे साह्य करण्याचे वचन दिले. स्वदेशी परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदासदन उघडले, आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आणले. सदनात धर्मशिक्षण दिले जाणार नाही, असे ठरले होते. रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे थोर पुरुष सल्लागार मंडळावर होते.

याच सुमारास रमाबाईंच्या अंतरंगात एक पालट घडला. बाप्तिस्मा घेऊन आठ वर्षे झाली तरी आपण केवळ धर्म स्वीकारला, प्रभू आपणांस भेटला नाही, ही हुरहूर त्यांना १८९१ च्या सुमारास लागली. ती शमली तेव्हा त्यांची भक्ती अधिक उत्कट झाली. त्या पहाटे आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करीत. दार उघडे असे, आणि काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’ने यावर कठोर टीका केली. ज्या पालकांनी धर्मनिरपेक्षतेच्या आश्वासनावर आपल्या लेकीबाळी तेथे ठेवल्या, त्यांची चिंता निष्कारण होती असे आम्ही म्हणणार नाही. रमाबाईंचे म्हणणे असे, की हिंदू मुलींना आपापली उपासना करण्यास सदनात मोकळीक आहे. ती आपण काढून घेणार नाही, आणि आपले दार लोकनिंदेच्या भयाने बंदही करणार नाही. १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक मुली पालकांनी घरी नेल्या. पुढे काही विद्यार्थिनींनी बाप्तिस्मा घेतला, आणि दुरावा वाढला.

परंतु याच सदनात शिकलेल्या गोदूबाई हिंदूच राहिल्या, आणि १८९३ मध्ये महर्षी कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या, हेही विसरता येत नाही. १८९६ मध्ये महर्षींनी अनाथ बालिकाश्रम स्थापिला. विधवांच्या शिक्षणाचा जो दीप रमाबाईंनी लावला, त्याच्या प्रकाशात हिंदू समाजानेही आपली वाट शोधली.

मुक्तिसदन

निंदेला रमाबाईंनी लेखणीने फारसे उत्तर दिले नाही. त्यांचे उत्तर वेगळेच होते. १८९६-९७ चा दुष्काळ मध्य प्रांतात पसरला, तेव्हा आईबापांचे ते मरण त्यांना आठवले. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या, दुष्टांच्या तावडीत सापडण्याचे भय असलेल्या सुमारे ३०० मुली व स्त्रिया त्यांनी वाचवून आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून केडगावच्या माळावर झोपड्या उभ्या राहिल्या. तेच मुक्तिसदन. प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांची विटंबना होते, असे उघड लिहून त्यांनी सरकारचाही रोष ओढवून घेतला. मुंबईच्या गव्हर्नरांनी ते लिखाण नाकारले, तरी त्या डगमगल्या नाहीत. स्वकीयांपुढे, धर्मगुरूंपुढे आणि राजसत्तेपुढे त्यांचा कणा सारखाच ताठ होता.

१९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर सदनातील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या जणींना रोज दोन वेळा घास घालावयाचा, आणि निश्चित उत्पन्न म्हणावे तर नाही. रमाबाई प्रार्थना करीत, विहिरी खणवीत, शेते पिकवीत. विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, दुग्धालय ही सारी कामे स्त्रियाच करीत. अंध मुलींसाठी बार्तिमी सदन आणि समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन उभे राहिले. मनोरमा आईचा उजवा हात झाली.

आयुष्याची अखेरची पंधराहून अधिक वर्षे रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतरास वाहिली. त्यासाठी त्या मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकल्या. संस्कृतच्या या पंडितेने भाषांतरासाठी मात्र साधी, खेड्यातील बाईला समजेल अशी मराठी निवडली. ग्रंथाचे मुद्रणही केडगावातच स्त्रियांच्या हातून झाले. १९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ई-हिंद पदक दिले.

हे काम चालू असतानाच, २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. आई, बाप, बहीण, भाऊ, पती यांच्यानंतर एकुलती एक कन्याही गेली. रमाबाईंनी देवावर फिर्याद केली नाही. पित्याने ज्याच्या हाती आपणांस सोपविले, त्याच्याच हाती त्यांनी मुलीला सोपविले आणि पुन्हा कामास बसल्या. भाषांतर पुरे झाले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी, चौसष्टावे वर्ष पुरे होण्यास थोडे दिवस उरले असता, त्यांनी देह ठेवला. त्यांचे बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. १९८९ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. केडगावचे मुक्तिसदन आजही निराधारांना आश्रय देते.

निवाडा कोणाचा?

रमाबाईंनी धर्म बदलला हे योग्य की अयोग्य, याचा निकाल देण्यास आम्ही येथे बसलेलो नाही. ज्या घरात देवाला नैवेद्य दाखविल्यावाचून कोणी जेवत नाही, त्या घराने आपली निष्ठा सोडावी असेही आमचे म्हणणे नाही. रमाबाईंनाही कोणी भयाने किंवा भिडेने निष्ठा सोडलेली आवडली नसती. परंतु त्यांची निंदा करणारे आणि स्तुती करणारे आज दोघेही काळाच्या उदरात गेले आहेत, आणि दुष्काळातून वाचलेल्या त्या मुलींच्या मुखातील घास तेवढा साक्षीला उरला आहे. श्रद्धेचे रक्षण करावयाचे ते वाणीने थोडे आणि सेवेने फार करावे, माणसांचा कौल मागत बसू नये, अंतिम निवाडा अंतर्यामी बसलेल्या परमेश्वराचा, हे या चरित्राचे सार आहे. आपल्या संतमंडळींनीही लोकनिंदा सोसून हीच वाट चोखाळली.

आज सायंकाळी देवापुढे निरांजन लावताना, केडगावच्या माळावर अशाच दृढ भक्तीने तेवलेल्या त्या ज्योतीचेही भाविक वाचकांनी स्मरण करावे, एवढीच आमची विनंती.