स्पंजाचे कोडे
पाटी पुसायचा स्पंज तुम्ही पाहिला असेल. तो बहुधा कारखान्यात तयार होतो. खरा स्पंज मात्र समुद्रात वाढतो. तो वनस्पती आहे की प्राणी, हे दोनशे वर्षांपूर्वी विद्वानांनाही नक्की ठरवता येत नव्हते.

हे कोडे सोडवण्यासाठी रॉबर्ट ग्रँट यांनी खूप कष्ट घेतले. त्यांचा जन्म 1793 मध्ये स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरात झाला. ते डॉक्टर झाले, पण त्यांचे मन समुद्रकिनाऱ्यावर रमे. जवळच्या थंड खाडीतून ते जिवंत स्पंज आणत. एकदा त्यांनी स्पंजाचा तुकडा समुद्राच्या पाण्यात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्याच्या छिद्रातून पाण्याची धार बाहेर येत होती! डोळे थकेपर्यंत, सलग 25 मिनिटे ते पाहत राहिले. धार एकदाही उलटी फिरली नाही. पाणी बारीक रंध्रांतून आत जाते आणि मोठ्या छिद्रांतून बाहेर पडते, हे त्यांनी दाखवून दिले.

तरुण चार्ल्स डार्विन त्यांच्याबरोबर किनाऱ्यावर हिंडत असे. 1827 मध्ये ग्रँट लंडनला प्राध्यापक झाले. मिळकत तुटपुंजी होती, तरी 1874 मध्ये मृत्यू येईपर्यंत ते त्याच पदावर राहिले.

स्पंज पाण्यातील जीवाणू गाळून खातो, हे पुढे कळले. थंड समुद्रातील काही स्पंजांच्या शरीरात तर काही जीवाणू न पचता कायमचे राहतात. ग्रँट यांना हे माहीत नव्हते. पण त्या घराचे दार त्यांनीच दाखवले. मित्रांनो, एखादी साधी वस्तू तुम्ही कधी 25 मिनिटे पाहिली आहे का?