हक्सलेची चूक आणि समुद्राचा हिशेब

थोर माणसांच्या चुकाही थोर असतात, आणि त्यांची किंमत बहुधा दुसऱ्यांनाच मोजावी लागते. डार्विनच्या उत्क्रांतिवादाचा कट्टर पाठीराखा म्हणून आपल्याकडील सुशिक्षितांना परिचित असलेला थॉमस हेन्री हक्सले या नियमाला अपवाद नाही.

हक्सलेचा जन्म ४ मे १८२५ रोजी लंडननजीक ईलिंग येथे झाला. शालेय शिक्षण जेमतेम दोन वर्षेच त्याच्या वाट्यास आले. तरीही स्वतःच्या हिमतीवर आणि शिष्यवृत्तीच्या आधारे तो वैद्यक शिकला, आणि १८४६ साली नौदलाच्या ‘रॅटलस्नेक’ जहाजावर साहाय्यक शल्यवैद्य म्हणून ऑस्ट्रेलियाकडे निघाला. त्या चार वर्षांच्या सफरीत त्याने समुद्रातील जेलीफिशसारख्या प्राण्यांचा असा बारकाईने अभ्यास केला, की १८५१ साली रॉयल सोसायटीने त्याला सदस्यत्व दिले. पुढे प्राध्यापक झाल्यावर कामगारांना विज्ञान समजावून सांगणारी व्याख्याने तो आवडीने देई. पुराव्यावाचून काहीही मानावयाचे नाही, हा त्याचा बाणा होता. अज्ञेयवादासाठी रूढ झालेला इंग्रजी शब्द त्यानेच १८६९ साली घडविला.

अशा माणसाची १८६३ साली ब्रिटनच्या सागरी मासेमारीची चौकशी करणाऱ्या आयोगावर नेमणूक झाली. गळ टाकून मासे धरणाऱ्या गरीब कोळ्यांची तक्रार अशी होती, की ट्रॉलरची जाळी समुद्राचा तळ खरवडतात, लहान पिल्ले मारतात आणि त्यामुळे मासा कमी होत चालला आहे. आयोगाने किनाऱ्यावरील गावोगावी साक्षी घेतल्या. मात्र देशात येणारा एकूण मासा वाढत असल्याचे पाहून १८६६ साली ती तक्रार फेटाळली. मासेमारीवरील निर्बंध काढून टाकावेत, अशी शिफारस झाली आणि १८६८ च्या कायद्याने ती बव्हंशी अंमलात आली. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यातील गफलत सहज दिसावी. उत्पन्न वाढले म्हणजे भांडवल शाबूत आहे, असे होत नाही. मुद्दल मोडूनही काही काळ चैन करता येते.

१८८१ मध्ये हक्सले मत्स्यव्यवसायाचा सरकारी निरीक्षक झाला. १८८३ साली लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात त्याने कॉड, हेरिंग, बांगडा यांसारखे मोठे साठे त्या काळच्या मासेमारीने संपणार नाहीत असे प्रतिपादन केले. कालवे आणि नदीतील सामन मासा यांना त्याने अपवाद केले होते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण मासेमारीची साधने नेमकी त्याच सुमारास बदलत होती. वाफेवर चालणारे ट्रॉलर समुद्रात उतरू लागले होते. २९ जून १८९५ रोजी हक्सलेचे निधन झाले. त्याच्या मागे राहिलेला विश्वास मात्र दीर्घायुषी ठरला. न्यूफाउंडलंडची कॉड मासेमारी १९९२ साली बंद करावी लागली, तेव्हा हजारो कुटुंबांची रोजी एका फटक्यात गेली.

हक्सलेला हवा असलेला पुरावा पुढे समुद्रानेच दिला. दोन महायुद्धांच्या काळात उत्तर समुद्रातील मासेमारी मंदावली आणि मासा पुन्हा वाढला. न्यूझीलंडमध्ये लेई येथे १९७५ साली समुद्राचा एक पट्टा मासेमारीस बंद केला गेला. तेथे मोठे मासे आणि शेवंडी परतल्या, त्यांनी समुद्री साळूंना आवर घातला आणि नाहीशी झालेली शेवाळांची रानेही परतली. फिलिपाइन्समधील सुमिलॉन बेटाचा धडा याहून बोलका आहे. १९७४ पासून राखलेले तेथील क्षेत्र १९८४ साली मोकळे झाले, आणि मासेमारीला अधिक जागा मिळूनही कोळ्यांचे एकूण उत्पन्न घटले. राखीव भागात वाढलेला मासा बाहेर येऊन त्यांच्या जाळ्यात पडत होता, हे तेव्हा उमगले. राखीव सागर म्हणजे मोडू न दिलेले मुद्दल होय, आणि किनाऱ्यावरचा कोळी त्याच्या व्याजावर जगतो.

आपल्याकडे मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले, आणि स्थानिक मच्छीमारांनी त्यास विरोध केला. तो अडाणीपणाचा म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. परंतु पर्ससीन जाळ्यांविरुद्ध ओरड करणारा रापणकार आणि हक्सलेच्या आयोगापुढे उभा राहिलेला गळवाला यांची तक्रार एकच आहे. समुद्र राखावयाचा तर तो कोणापासून आणि कोणासाठी, हे त्याला विचारूनच ठरले पाहिजे. हक्सलेच्या विद्वत्तेत उणे काही नव्हते. गरिबाची साक्ष त्याने ऐकली, पण तिला पुराव्याची योग्यता दिली नाही. ती चूक आपण पुन्हा करू नये.