हवानाचा डासवाला डॉक्टर

१४ ऑगस्ट १८८१ रोजी क्यूबातल्या हवाना शहरात, तिथल्या विज्ञान अकादमीत एका सत्तेचाळीस वर्षांच्या डॉक्टरने निबंध वाचला. पीतज्वर, म्हणजेच यलो फीव्हर, एका विशिष्ट डासाच्या मादीमुळे पसरतो, असा त्याचा दावा होता. श्रोत्यांनी तो फारसा मनावर घेतला नाही. पुढची जवळजवळ वीस वर्षे लोक या डॉक्टरला थट्टेने डासवाला म्हणत राहिले. त्याचे नाव कार्लोस फिनले.

फिनलेचा जन्म ३ डिसेंबर १८३३ चा. वडील स्कॉटिश डॉक्टर, आई फ्रेंच वंशाची. शिक्षणासाठी मुलाला फ्रान्सला पाठवले, पण तिथे त्याला अंगाला झटके येणारा कोरिया हा आजार झाला. आजार गेला, बोलताना अडखळणे मात्र जन्मभर राहिले. १८५५ मध्ये फिलाडेल्फियाच्या जेफर्सन मेडिकल कॉलेजातून तो डॉक्टर झाला आणि हवानात परतून व्यवसाय करू लागला.

त्या काळी हवानात पीतज्वर ठाण मांडून होता. ताप, कावीळ, काळी उलटी आणि अनेकदा मृत्यू. गंमत अशी, की तिथेच जन्मलेल्यांना तो सहसा होत नसे. बालपणी सौम्य संसर्ग होऊन गेल्यामुळे त्यांच्यात प्रतिकारशक्ती असे. मरत ते स्पेनहून नव्याने आलेले सैनिक आणि व्यापारी. बंदरातून जहाजे सुटली, की त्यांच्याबरोबर रोगही अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरे. १८७८ मध्ये तो मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात शिरला आणि एकट्या मेम्फिस शहरात सुमारे पाच हजार माणसे गेली. दूषित हवा, घाण, रुग्णाचे कपडे असा संशय सगळ्यांवर घेतला जाई. जहाजे अडवून ठेवत, अंथरुणे जाळत, पण साथ थांबत नसे.

फिनलेही आधी चुकीच्याच वाटेने गेला होता. हवेतल्या क्षाराच्या प्रमाणाशी या रोगाचा संबंध जोडण्यात त्याने कित्येक वर्षे घालवली. १८७९ मध्ये अमेरिकेहून एक तपासणी मंडळ हवानात आले. त्या मंडळाबरोबर काम करताना रुग्णांच्या रक्तवाहिन्यांतून लाल पेशी बाहेर पडल्याचे त्याच्या लक्षात आले. रोगाचे बीज रक्तवाहिनीच्या आत असेल, तर ते बाहेर काढून दुसऱ्याच्या रक्तात घालणारा कोणी तरी हवा. इथून तो डासांकडे वळला.

आज एडिस इजिप्ती या नावाने ओळखला जाणारा, पायांवर पांढरे पट्टे असलेला घरगुती डास त्याने हेरला. दिवसा चावणारा, रांजणात, पिंपात, साठवलेल्या पाण्यात वाढणारा हा डास. तो फार लांब उडत नाही, मात्र जहाजावरच्या पाण्याच्या पिंपांतून समुद्र ओलांडू शकतो. थंडी पडली की त्याची हालचाल मंदावते, उंच डोंगराळ भागात तो टिकत नाही. पीतज्वराचा नकाशाही नेमका तसाच होता. साथ पसरायला फिनलेने तीन गोष्टी आवश्यक मानल्या. डासाला चावता येईल असा रुग्ण हवा, त्यानंतर तो डास पुरेसे दिवस जगायला हवा आणि पुढे त्याला प्रतिकारशक्ती नसलेला माणूस मिळायला हवा. विषाणू हा शब्द आजच्या अर्थाने रूढ होण्याच्या आधीचे हे विवेचन आहे. आजही डेंग्यू, चिकुनगुन्या, झिका एका भागातून दुसऱ्या भागात का जातात हे समजून घेताना सुरुवात याच तीन गोष्टींपासून होते.

मग लोकांना पटले का नाही? दोष सगळा ऐकणाऱ्यांचा नव्हता. फिनलेने शंभरावर माणसांना डास चाववून प्रयोग केले, पण सौम्य आजार होऊन प्रतिकारशक्ती यावी, असाही त्याचा हेतू होता. त्यामुळे रुग्णाचे रक्त प्यायलेला डास तो दोन ते सहा दिवसांतच वापरी. इतक्या लवकर डास रोग देऊच शकत नाही. शिवाय प्रयोग होत ते साथ चालू असलेल्या शहरात, म्हणजे कोणी आजारी पडला तरी नेमका कुठल्या डासामुळे, हे सांगता येत नसे.

हा दुवा दुसऱ्याच डॉक्टरने जुळवला. १८९८ मध्ये मिसिसिपीतल्या छोट्या वस्त्यांत हेन्री कार्टरने पाहिले, की घरातल्या पहिल्या रुग्णानंतर पुढचे रुग्ण दोन-तीन आठवड्यांनी दिसतात. विषाणूला डासाच्या पोटातून लाळग्रंथींपर्यंत पोहोचायला साधारण दहा-बारा दिवस लागतात. हवा उष्ण असेल तर कमी, गार असेल तर जास्त. तोवर डास जगला नाही, तर साखळी तिथेच तुटते.

१९०० मध्ये वॉल्टर रीडचे अमेरिकी लष्करी पथक हवानात आले. सदुसष्टाव्या वर्षाकडे झुकलेल्या फिनलेने त्यांना आपली सगळी टिपणे दिली, जपून ठेवलेली डासांची अंडीही दिली. वीस वर्षांची थट्टा सोसलेला माणूस इतक्या मोकळ्या हाताने देतो, हे विरळाच. पथकातला डॉ. जेसी लाझिअर त्या कामातच पीतज्वराने २५ सप्टेंबरला गेला. नंतरच्या प्रयोगांत रुग्णांच्या मळक्या अंथरुणांत वीस रात्री झोपलेल्यांना काही झाले नाही, डास चावलेले मात्र आजारी पडले. १९०१ मध्ये गॉर्गस या लष्करी डॉक्टरने हवानातली पाण्याची पिंपे झाकली, साठ्यांवर रॉकेल टाकले, रुग्णांच्या खोल्यांना जाळ्या लावल्या. काही महिन्यांतच शहरातून पीतज्वर नाहीसा झाला. पुढे पनामातही त्याने हेच केले आणि कालव्याचे काम पुरे होऊ शकले.

१९०२ मध्ये क्यूबाने फिनलेला मुख्य आरोग्य अधिकारी नेमले. नोबेलसाठी त्याचे नाव अनेकदा सुचवले गेले, पण मिळाले नाही. २० ऑगस्ट १९१५ रोजी हवानातच तो वारला.

त्याच्या आदल्याच वर्षी पनामा कालवा खुला झाला होता. अटलांटिकच्या बाजूची जहाजे आता थेट पॅसिफिकमध्ये येणार, म्हणजे पीतज्वर आशियात पोहोचणार, ही धास्ती कालव्याचे काम चालू असल्यापासूनच होती. भारतात डास तोच आहे, उकाडा आहे आणि पीतज्वराविरुद्ध प्रतिकारशक्ती जवळपास कोणाकडेच नाही. याच डासाने डेंग्यू घरोघर नेला, २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यात झिकाही सापडला. पीतज्वराच्या बाबतीत फिनलेच्या तीन गोष्टींपैकी फक्त पहिली, म्हणजे रुग्ण, आपल्याकडे नाही. म्हणून तर पीतज्वर असलेल्या देशांतून येणाऱ्याकडे विमानतळावर लशीचे पिवळे कार्ड मागतात. लस घेऊन दहा दिवस झालेले असावे लागतात. कार्ड नसेल, तर त्या प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. संसर्ग झाला असेल, तर ताप सहसा तेवढ्या दिवसांत येतो.