सतत नवं हवं असणाऱ्या दादासाहेब फाळकेंना मनासारखं काम कसं सापडलं?

एका कामात मन रमत नाही? दादासाहेब फाळके यांचंही तसंच होतं. १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या फाळके यांनी मुंबईत चित्रकला शिकली. गोध्र्यात फोटो स्टुडिओ, पुरातत्त्व खात्यात नोकरी, मग छपाईचा व्यवसाय. शिवाय जादूचे प्रयोग. भागीदारांशी बिनसलं, छपाई सुटली. वय चाळिशीचं.

मग ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि विमा पॉलिसी गहाण ठेवून १९१२ मध्ये लंडन गाठलं. ३ मे १९१३ रोजी मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. चित्रकला, कॅमेरा, जादू, सगळं इथं कामी आलं.

अस्वस्थता मात्र संपली नाही. पुन्हा भागीदारांशी मतभेद झाले, ते काशीला गेले, नाटक लिहिलं. अखेर परतले ते चित्रपटांकडेच.