दुष्काळात आई-वडील गमावलेल्या पंडिता रमाबाईंनी शेकडो अनाथ मुलींचं घर कसं चालवलं?

अनाथ मुलींसाठी घर सुरू करायला एक मोठी देणगी पुरते. पण रोजचं जेवण, कपडे, औषधं आणि शाळा हा खर्च वर्षानुवर्षं कुठून भागवायचा? सव्वाशे वर्षांपूर्वी पंडिता रमाबाईंसमोर हाच प्रश्न होता.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवलं आणि लोकांचा रोष ओढवून घेतला. हे कुटुंब गावोगाव फिरून पुराणं सांगायचं आणि त्यावरच पोट भरायचं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण एकामागोमाग गेले. रमाबाईंनी तेव्हा विशीही गाठली नव्हती. १८८० मध्ये भाऊ आणि १८८२ मध्ये पतीही गेले. पदरात उरली लहानगी मनोरमा.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे अमेरिकेत उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. ते वाचून आणि त्यांची भाषणं ऐकून तिथल्या लोकांनी संस्था स्थापन केली आणि १० वर्षं मदत करायचं कबूल केलं. त्या पैशातून ११ मार्च १८८९ ला मुंबईत 'शारदा सदन' सुरू झालं. पहिल्या विद्यार्थिनींमध्ये होत्या गोदूबाई, म्हणजे पुढे महर्षी कर्वेंच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई.

१८९० मध्ये सदन पुण्यात आलं. पण १८९३ मध्ये मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पाडला जातोय, असा आरोप झाला. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली परत नेल्या.

तिकडे अमेरिकेच्या मदतीची १० वर्षंही संपत आली होती. म्हणून रमाबाईंनी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला जमीन घेतली आणि फळबाग लावली. बागेच्या उत्पन्नावर सदन चालावं, हा हिशोब.

पण झाडांना फळं येण्याआधीच १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून सुमारे ३०० निराधार मुली आणि बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, त्यामुळे मुक्काम पडला केडगावच्या शेतावर. हेच 'मुक्ती सदन'. १९०० च्या दुष्काळात गुजरातमधूनही मुली आल्या आणि इथली संख्या जवळपास २००० वर गेली.

एवढ्या मोठ्या घरात थोरल्या मुली धाकट्यांना सांभाळायच्या. शाळेसोबत शेती, विणकाम आणि छपाई शिकवली जायची. देणग्या येत होत्या, पण बाहेर पडल्यावर मुलीला स्वतःचं पोट भरता यावं, यावर रमाबाईंचा भर होता. अंध मुलींसाठी आणि फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी वेगळी सदनं होती.

१९२१ मध्ये आईचं काम पुढे नेणारी मनोरमा वारली. त्यानंतर वर्षभरातच, ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. केडगावचं काम मात्र थांबलं नाही, ती संस्था आजही सुरू आहे.